पहिला चीक टाकू नका

घरात बाळंतपण जवळ आलं असेल तर आजीला, सासूबाईंना आणि होणाऱ्या बाबालाही कळकळीचं सांगणं आहे. बाळंतिणीचं पहिलं पिवळसर, घट्ट दूध साचलेलं किंवा खराब म्हणून पिळून टाकू नका. तो चीक आहे. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्या. सिझेरियन झालं असलं तरी परिचारिकेच्या मदतीने हे जमतं.

गाय व्यायली की शेतकरी आधी वासराला चीक पाजतो, मग उरलेल्याचा खरवस होतो. पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडे मिळतच नाहीत, त्याची सगळी भिस्त चिकावर असते. माणसाच्या बाळाला मात्र ती दोन वाटांनी मिळतात, आणि दोन्ही वाटांनी येणारी प्रतिपिंडे निराळी असतात.

प्रतिपिंडे म्हणजे जंतूला नेमकं ओळखून चिकटणारी प्रथिने. त्यांचे पाच प्रकार आहेत. रक्तात सर्वांत जास्त असतं ते आयजीजी, आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचणारा प्रकार हा एकच. आईला पूर्वी झालेले आजार, तिने घेतलेल्या लसी, यांतून तयार झालेलं संरक्षण बाळ असं सोबत घेऊन जन्मतं. म्हणून गरोदरपणात टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाचं इंजेक्शन चुकवू नका. ते आईसाठी आहेच, पण नाळ कापताना बाळाला धनुर्वात होऊ नये यासाठीही आहे. एकेकाळी या आजाराने आपल्याकडे कितीतरी तान्ही बाळं दगावली. 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्यात धनुर्वाताच्या साध्या इंजेक्शनाचा मोठा वाटा आहे.

दुसरी वाट दुधाची. चिकात आयजीए भरपूर असतं. ते बाळाच्या रक्तात फारसं जात नाही, आतड्याच्या अस्तरावर राहतं आणि जंतूंना तिथेच अडवतं. आईच्या आसपास जे जंतू असतात त्यांच्याविरुद्धचं आयजीए तिच्या दुधात उतरतं, म्हणजे त्या घरात बाळाला ज्यांच्याशी गाठ पडणार त्यांच्याचविरुद्ध. कुठल्याही डब्यातल्या पावडरीत हे नसतं. मध चाटवणं, घुटी देणं प्रेमापोटीच होतं, हे मला कळतं. पण मधातून अर्भकाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षाच्या आत मध नकोच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

उरलेल्यांपैकी आयजीएम नव्या संसर्गात सर्वांत आधी तयार होतं, पण ते वार ओलांडत नाही. आयजीई जंतांशी लढतं आणि अ‍ॅलर्जीतही तेच असतं. आयजीडी रक्तात अगदी थोडं असतं. हे सांगायचं कारण एवढंच की नवजात बाळाच्या रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं तर लगेच घाबरू नका, ते आईकडून आलेलं असू शकतं. आयजीएम दिसलं तर मात्र बाळालाच लागण झाल्याची शंका येते. अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्या.

आईचं आयजीजी काही महिन्यांत ओसरत जातं. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात ती याच हिशोबाने : त्याआधी आईची प्रतिपिंडेच लसीला निष्प्रभ करू शकतात, आणि फार उशीर केला तर बाळ उघडं पडतं. आशाताईंनी दिलेली तारीख ‘सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून टाळू नका. साध्या सर्दीत लस देता येते.

आणि बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर चिकाची गरज आणखी मोठी. आयजीजी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून जातं, त्यामुळे अशा बाळाच्या वाट्याला ते कमी येतं. बाळ काचेच्या पेटीत असेल, ओढता येत नसेल, तरी आईने हाताने चीक काढावा. चमचाभर निघाला तरी पुरे. तो बाळाला कसा द्यायचा, हे तिथल्या परिचारिकेला त्याच दिवशी विचारा.