घराण्याचा वारसा आणि संस्थेचे पद

वैद्यकीचा वारसा पित्याकडून पुत्राकडे, अलीकडे कन्येकडे व स्नुषेकडेही जाणे, ही आपल्या व्यवसायातील जुनी परंपरा आहे. त्यामुळेच नेमणुकांतील नातलगांविषयीचे निर्बंध अनेक वैद्यबंधूंना जाचक वाटतात. ‘मुलगा गुणवान असूनही, केवळ तो माझा म्हणून त्याने मागे राहावे काय?’ असे ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे. परंतु नियमांचा रोख निराळा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील चौथा नियम पाहावा. कुटुंबीयास कंपनीत नोकरी मिळवून देण्यासाठी कर्मचाऱ्याने पदाचा वापर करू नये; तसेच कुटुंबीय नोकरीस असलेल्या कंपनीला कंत्राट देण्याचा विषय स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे सोपवावा, असे तो सांगतो. नातलगाने काम करू नये, असे त्यात नाही. नातलगाने निवाडा करू नये, एवढेच आहे. भारतीय चिकित्सा पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या अधिनियमानेही अध्यक्ष व सदस्यांवर आपले व्यावसायिक संबंध जाहीर करण्याचे बंधन घातले आहे.

स्वतःच्या चिकित्सालयात कन्येस बसविले, तर तिची परीक्षा रुग्ण करतात. ती उणी ठरल्यास हानी आपली. परंतु संस्थेच्या महाविद्यालयात भाच्यास अध्यापक नेमले, अथवा धर्मादाय रुग्णालयासाठी मेहुण्याच्या फार्मसीतून चूर्णे घेतली, तर चुकीची किंमत विद्यार्थी व रुग्ण मोजतात. चूर्ण उत्तम असले, तरी संशय उरतोच. आणि गुणवान भाच्याच्या माथी वशिल्याचा शिक्का कायमचा बसतो.

चरकसंहितेने वैद्याचे चार गुण सांगितले: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, विपुल कर्मदर्शन, दक्षता आणि शुचिता. त्यांत कुळाची गणना नाही. ‘वैद्य’ ही संज्ञा जन्माने नव्हे, तर विद्या पूर्ण झाल्यावर प्राप्त होते, हेही त्याच ग्रंथातील रसायनाध्यायाचे प्रतिपादन आहे.

म्हणून आपल्या संस्थांनी एक साधा दंडक स्वीकारावा. निवड व खरेदी समितीच्या सभेच्या आरंभी प्रत्येक सदस्याने उमेदवाराशी वा पुरवठादाराशी असलेले नाते लेखी कळवावे, त्या विषयापुरते सभेबाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. लहान गावांत सारेच एकमेकांचे आप्त असतात, हा आक्षेप खरा आहे. तेथे अन्य जिल्ह्यातील तज्ज्ञास पाचारण करावे. प्रवासखर्च थोडा होईल. पण निवड झालेल्या आप्तालाही मान ताठ ठेवून कामावर रुजू होता येईल.