बाळाचा लंगोट आणि घरचा हिशोब



आज पिकाचे नाही, घरातले बोलायचे आहे. पण हिशोब शेतीसारखाच आहे, म्हणून वही-पेन्सिल घेऊन बसा. सूनबाईंनाही जवळ बोलवा.

आखाजीला लेकी माहेरी येतात, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. यंदा आमची लेकही आली, सात महिन्यांचा नातू घेऊन. पिशवीत झबल्या-टोपड्यांबरोबर डायपरचे दोन पुडे होते. आठ दिवसांत दोन्ही संपले. तिसरा मी आणला आणि घरी येऊन सवयीप्रमाणे वहीत आकडे मांडले. मग लेकीसमोरच बोलून गेलो, ''तुला वाढवलं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यांवर. हे म्हणजे पैसे गुंडाळून फेकायचे!''

लेक काही बोलली नाही. बाळाला उचलून आत गेली. बोलल्या त्या आमच्या मंडळी. ''तेव्हाचं एक तरी फडकं तुम्ही धुतलं होतं का? तुम्ही गावोगाव फिरत होतात. तुमच्या वहीत माझ्या हातांचा रकाना कुठे आहे?''

मी गप्प झालो. घरच्या माणसांची मजुरी धरल्याशिवाय उत्पादन खर्च खरा निघत नाही, हे मी शेतकऱ्यांना नोकरीभर सांगत आलो. हमीभावाची शिफारस करणारा कृषि मूल्य आयोगही घरची मजुरी हिशोबात घेतो. आणि माझ्याच घरात मी ती शून्य धरली होती! तेव्हा हिशोब पुन्हा मांडला. तो तुमच्यापुढे ठेवतो. भाव आपापल्या गावचे घाला, रीत तीच राहील.

आधी डायपर. एक नग दहा रुपयांचा धरू. दिवसाला तीन लागले तर तीस रुपये, वर्षाचे १०,९५० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त कापूस एका बाळाच्या डायपरमध्ये गेला. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते मातेच्या पोटात चांगले अन्न जावे म्हणून. ते साडेपाच महिनेसुद्धा पुरणार नाहीत. डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण दहा रुपयांच्या नगावर त्याने साठ-पासष्ट पैशांचाच फरक पडतो.

आता सुती लंगोट. नव्या कापडाचे दोन डझन शिवले, नगाला तीस रुपये धरले, तर ७२० रुपये. जुन्या धोतर-लुगड्याचे केले तर तेही नाहीत. साबण महिन्याला दीडशेचा, वर्षाचे १,८००. एकूण २,५२० रुपये. इथपर्यंत माझेच खरे होते.

पण बायकोचा रकाना भरला आणि गंमत झाली. लंगोट धुणे, पिळणे, वाळत घालणे, घड्या करणे यात रोजचा एक तास जातो. वर्षाचे ३६५ तास. आठ तासांचा रोज धरला तर पंचेचाळीस रोज झाले. बाईचा रोज अडीचशे धरा, ११,२५० रुपये होतात. म्हणजे लंगोटाचा खरा खर्च १३,७७० रुपये, डायपरपेक्षा जास्त! लंगोट स्वस्त पडतो, कारण धुणारीच्या हातांचे पैसे कुणी देत नाही. त्यात साक्री-शिंदखेड्याच्या एखाद्या कोरड्या गावात उन्हाळ्यात दोन-तीन बादल्या पाणी रोज त्यासाठी आणायचे म्हटले, तर तो भार वेगळाच.

मग काय, डायपरच वापरावे? तसेही नाही. त्याचीही दुसरी बाजू पाहू.

डायपरच्या आत लाकडाचा लगदा आणि एक पांढरी पावडर असते, बाहेरून प्लॅस्टिक. ही पावडर साधे पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवीत क्षार असतात, म्हणून ती तेवढी शोषत नाही, पण पुष्कळ शोषते. त्यामुळे बाळ किती वेळा ओले झाले हे आईला कळत नाही. अंगावर पिणारे तान्हे बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसात निदान सहा वेळा ओले व्हायला हवे. ती दूध पुरत असल्याची खूण आहे. आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा ही खूण फार मोलाची. शिवाय पैसे वाचवायला एकच डायपर दिवसभर ठेवला तर मांड्यांत लाल चट्टे उठतात. तीन-चार तासांनी तो बदलायलाच हवा, आणि शी झाली तर लगेच. चट्टे दोन-तीन दिवसांत गेले नाहीत तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. यावलकडच्या एका तरुण केळी बागायतदाराने मला विचारले, ''साहेब, ही पावडर पाणी धरते ना? मग वापरलेले डायपर केळीच्या बुंध्याशी पुरू का?'' प्रश्न हुशारीचा आहे. शेतात पाणी धरून ठेवणारी अशी पावडर असते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने ''पुसा हायड्रोजेल'' तयार केले ते त्यासाठीच. पण वापरलेल्या डायपरमध्ये विष्ठेचे जंतू असतात आणि त्याचे प्लॅस्टिक जमिनीत वर्षानुवर्षे तसेच राहते. शिवाय डायपरमधली पावडर सोडियमची असते, आणि आपल्या चोपण होऊ पाहणाऱ्या काळ्या जमिनीला सोडियम नकोच. म्हणून शेतात नाही, उकिरड्यावर नाही, गोबरगॅसच्या टाकीत तर नाहीच. बांधावर जाळूही नका, तो धूर विषारी असतो. नाल्यात टाकलेला डायपर कुत्री ओढत आणतात आणि गुरे चघळतात. शी संडासात झटकून, डायपर कागदात घट्ट गुंडाळून ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत वेगळा द्यावा. गावात गाडी नसेल तर ग्रामसभेत हा विषय काढा. डायपर गावात येतातच आहेत, त्यांची वाट कुठे लावायची हे गावानेच ठरवायला हवे.

आमच्या घरी जे ठरले ते सांगतो. दिवसा घरात सुती लंगोट. दुपारी उन्हात बाळ अर्धा तास मोकळेच ठेवायचे, अंगणात नव्हे, सावलीत. रात्री एक डायपर, म्हणजे माय-लेकरांची झोप मोडत नाही. एस.टी.चा प्रवास, लग्नकार्य, दवाखाना असेल तेव्हा आणखी एक. रोज एक धरला तर वर्षाचे ३,६५० रुपये. लंगोट आणि साबण मिळवून ६,१७० रुपये होतात. नुसत्या डायपरपेक्षा ४,७८० रुपये वाचले. डायपर घेताना सुटा नग आणि मोठा पुडा यांचा भाव नगावर भागून पाहावा. मात्र बाळ भरभर वाढते, एकाच मापाचा साठा करू नये.

आणि धुणे? सकाळी ते मी धुतो. पहिल्या दिवशी शेजारची मंडळी ओट्यावरून बघत होती. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, ''साहेब, हे काय?'' मी म्हटले, ''खर्चाचा रकाना भरतोय, बाबा.'' नातू सासरी परत गेला, त्या दिवशी जावईबापूंनाही वही दाखवली. त्यांनी हसून मान डोलावली. आता ते काय करतात हे लेकीच्या पुढच्या फोनवर कळेल.

सुनेच्या डायपरचा खर्च डोळ्यांवर येत असेल, तर सासूबाईंनी आणि विशेषतः मुलाच्या बापाने आधी एक आठवडा लंगोट स्वतः धुवून पाहावेत. मग बोलावे. हिशोब तेव्हाच खरा निघेल.

पुढच्या आठवड्यात कपाशीवरच्या बोंडअळीचे कामगंध सापळे कधी आणि किती लावायचे ते पाहू.