विश्लेषण : व्यसनमुक्तीचे समुपदेशन वर्गात बसून शिकता येते का?

रोज सकाळी उठल्याबरोबर दारू लागणारा माणूस समुपदेशकासमोर येतो आणि म्हणतो, 'आजपासून बंद.' नुकताच एमए झालेला समुपदेशक त्याच्या निर्धाराचे कौतुक करून त्याला घरी पाठवतो. इथेच धोका आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, फिट येणे, भास होणे असे त्रास होऊ शकतात. उपचार मिळाले नाहीत, तर ते जिवावरही बेततात. त्यामुळे आधी डॉक्टर, मग समुपदेशन. पुस्तकात हे असते. पण समोर घाम फुटलेला माणूस बसल्यावर ते आठवेलच असे नाही.

गरज किती?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले; दाखल होऊन उपचार तर १८० पैकी एकाला.

मग शिकवायचे काय?

सर्वांत आधी, उपदेश न करणे. आपल्याकडे दारूचा विषय निघाला की 'बायकामुलांचा तरी विचार कर' हे वाक्य आपसूक तोंडात येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत याच्या उलट आहे. सोडण्याची कारणे समुपदेशकाने सांगायची नाहीत. ती त्या माणसाच्याच तोंडून येतील असे प्रश्न विचारायचे. 'का सोडत नाही?' ऐवजी 'सोडावीशी केव्हा वाटते?' हे वाचून जमत नाही. अनुभवी समुपदेशकाने शेजारी बसून चुका दाखवाव्या लागतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही लोखंडाचा तुकडा कानस घेऊन घासायचो. गुण काटकोन तपासून मिळायचे, कानशीची व्याख्या लिहून नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सोडलेला माणूस पुन्हा पितो, तेव्हा न चिडणे. परदेशातील काही अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना स्वतःची एखादी आवडती सवय काही आठवडे सोडून रोजनिशी लिहायला सांगतात. मोबाइल बाजूला ठेवून पाहा, तिसऱ्या दिवशीच सबबी सुचू लागतात.

पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. व्यसनातून बाहेर आलेले लोक तिथे समुपदेशनही करतात. अशा केंद्रांत महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एका दिवसाच्या 'भेटी'साठी नव्हे, सबंध सत्रासाठी पाठवावे आणि त्याचे गुण तिथल्या समुपदेशकांनाच देऊ द्यावेत.