चौसष्ट घरांचे गहू



बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण ऐकली असेल. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्या, एवढेच बक्षीस एका चतुर माणसाने राजाकडे मागितले. त्या दाण्यांची बेरीज अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

अल् बिरूनी या पंडिताने सुमारे हजार वर्षांपूर्वी हा आकडा मांडून ठेवला. आपण तो आपल्या मापाने मोजू. एका किलोत गव्हाचे अंदाजे २५ हजार दाणे धरा. पहिल्या ओळीची आठ घरे भरली की २५५ दाणे, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम. दोन ओळींना अडीच किलोच्या थोडे वर. तीन ओळींना पावणेसात क्विंटल. चार ओळींना, म्हणजे अर्ध्या पटाला, सुमारे १,७०० क्विंटल. इथवर राजाच्या कोठाराला काही धक्का नाही. पण सबंध पटाला सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागतो! साऱ्या जगात आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे ही नऊशे वर्षांची रास झाली.

या आकड्याची एक गंमत मुलांना पाटीवर करून पाहू द्या. चार घरांची बेरीज १५. तिला तिच्याहून दोनने मोठ्या संख्येने, १७ ने, गुणा; आठ घरांची बेरीज २५५ येते. २५५ ला २५७ ने गुणा. सोळा घरांची ६५,५३५ येते. असेच आणखी दोनदा केले की वरचा मोठा आकडा हाती येतो. चौसष्ट वेळा बेरीज करायला नको.

दुसरी गोष्ट मात्र मोठ्यांनी ध्यानात धरावी. कोणत्याही घरातले दाणे हे मागच्या सर्व घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. आठव्या घरात १२८, आधीच्या सातांत मिळून १२७.

व्याजावर व्याज चढणाऱ्या कर्जाची चाल हीच. दरमहा शेकडा दोन रुपये दराने घेतलेले १० हजार तीन वर्षांत २० हजारांच्या घरात जातात, सहा वर्षांत ४० आणि नऊ वर्षांत ८० हजारांच्या. पहिल्या सहा वर्षांत ३० हजार वाढले, नंतरच्या तिनांतच ४०! म्हणूनच आपल्या जुन्या लोकांनी दामदुपटीचा नियम घातला होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी व्याज सरळ आहे की चक्रवाढ, हे विचारून घ्या. चक्रवाढ असेल तर ७२ ला वर्षाच्या शेकडा दराने भागा. साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. दर १२ असेल तर सहा वर्षे, २४ असेल तर तीनच. हा भागाकार घरी सर्वांसमक्ष करा, आणि हप्ता फेडायचा तो पहिल्या ओळीत असतानाच फेडा.