मिथेनभक्षक सूक्ष्मजंतू आणि आपला उकिरडा

सूक्ष्मजंतू म्हटला की रोगराई आठवावी, अशी आपल्या मनास सवय जडली आहे. पटकी, विषमज्वर, क्षय यांचे मूळ सूक्ष्मजंतूच होत, हे खरे. परंतु दुधाचे दही व शेणाचे खतही त्यांच्याच उद्योगाने होते. आता वातावरणातील मिथेन वायू खाऊन टाकण्याची नवी कामगिरी त्यांजवर सोपवावी, असा विचार शास्त्रज्ञांत चालू आहे. त्यावर कितपत भिस्त ठेवावी, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी तपासून पाहणे इष्ट होय.

इ. स. 1776 मध्ये व्होल्टा यांस इटलीतील एका सरोवराच्या दलदलीत हा वायू आढळला. जेथे हवा न लागता पदार्थ कुजतात, तेथे तो उत्पन्न होतो. पाणी तुंबलेले भातखाचर, गुरांचे पोट, शहरांतील कचऱ्याचे ढीग ही त्याची घरे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा सुमारे 0.7 भाग असे. आज तो 1.9 हून अधिक आहे. वीस वर्षांच्या हिशेबाने तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता कोंडतो. मात्र सुमारे बारा वर्षांत तो विरत असल्यामुळे, त्यास आळा घातल्यास फळ लवकर मिळते.

पुण्यास 1946 साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ या नावाने स्थापन झालेली व आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. तेथे डॉ. मोनाली रहाळकर व त्यांचे सहकारी यांनी पश्चिम भारतातील भातखाचरांतून मिथेनभक्षक जंतू वेगळे काढले. त्यांपैकी एकाचा आकार काकडीसारखा, म्हणून त्याचे नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी असे ठेविले. भाताच्या मुळांशी चिखलातील मिथेन व मुळांवाटे उतरलेला प्राणवायू यांची गाठ पडते. तेथे राहून असे जंतू बराच मिथेन बाहेर पडण्यापूर्वीच फस्त करतात.

मग त्यांजकडून सारे आकाशच का झाडून घेऊ नये? अडचण अशी की, जंतूसही पोटभर अन्न लागते. दहा लक्ष खड्यांत ज्वारीचे दोन दाणे वेचून कोण जगेल? अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दहा लक्ष भागांत 500 भाग मिथेन असता एक जंतू चांगला वाढला. ही हवा मोकळ्या आकाशातील नव्हे. शिवाय अफाट हवा यंत्रातून खेळवावयाची, तर त्यास लागणाऱ्या शक्तीचा खर्च निराळाच. तेव्हा चोर दारातच धरावा. जत्रेत मिसळल्यावर त्याच्यामागे धावण्यात शहाणपण नाही.

कोणी म्हणेल, तेलाच्या विहिरी व कोळशाच्या खाणी धनवंतांच्या. मग उपदेश जांब समर्थाच्या शेतकऱ्यास का? आक्षेप रास्त आहे. आधी त्या गळत्या बुजवाव्यात आणि शहरांनी आपले कचऱ्याचे ढीग आवरावेत. गरिबाने बैल सोडावा, असे कोणीही सांगू नये. तथापि आपल्या उकिरड्यातून उडून जातो तो आपल्याच चुलीचा जाळ होय. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातल्यास घरास जाळ व शेतास मळी मिळते, आणि माउलीचे डोळे धुरापासून वाचतात. टाकी परवडत नसेल त्याने निदान ढीग वरचेवर खालीवर करून त्यास हवा लागू द्यावी.

दुसरेही एक कर्तव्य आहे. जगातील कोरड्या, भुसभुशीत जमिनींतील जंतू प्रतिवर्षी सुमारे तीन कोटी टन मिथेन मोकळ्या हवेतून आपण होऊनच शोषितात. न नांगरलेल्या भूमीत हे काम अधिक चालते. अमोनियायुक्त खतांच्या अतिरेकाने मंदावते. यास्तव बांध, गायरान व वनराई राखणे म्हणजे या मुक्या मजुरांची वस्ती राखणे होय.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे प्रयोगशाळेत जाऊन या जंतूंची भूक वाढवील, तर आम्हांस धन्यताच वाटेल. परंतु कोणी शास्त्रज्ञ पुढे आकाश स्वच्छ करील, या भरवशावर आज अंगणाकडे पाठ फिरविणे बरे नव्हे.