वकिलाची पाटी आणि वकिलाचं नाव

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, कुठेही कोर्टाच्या आसपास चक्कर मारा, वकिलांच्या पाट्या ओळीने दिसतात. बऱ्याच ऑफिसांच्या आता वेबसाइटही आहेत. त्यांवर कामांची यादी असते: दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, इन्व्हेंटरी, कूळ-मुंडकार, महसूल, नोटरी. दहा ऑफिसांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर नऊ सारख्याच निघतील. मग निवडायचं कशावरून?

माझ्या वयाचे मित्र हल्ली हे बरेचदा विचारतात. कारण सरळ आहे. आपली पिढी तिशी-चाळिशीत आली, आजी-आजोबा गेले, आणि घर अजून त्यांच्याच नावावर आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, कायद्याचा पदवीधर नव्हे. पण आमच्याही घराची वाटणी निघाली आणि दीड वर्ष हा विषय जवळून पाहिला. त्यातलं जे तुमच्या कामाचं, ते या वेळी मांडतो.

आधी याद्या सारख्या का, ते पाहू. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांपैकी ३६ वा नियम हे सांगतो. पाटी बेताच्या आकाराची हवी. आपण अमुक कामात तज्ज्ञ आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, असं तिच्यावर लिहायचं नाही. २००८ साली वेबसाइटला परवानगी मिळाली, पण तिथेही नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढंच. म्हणजे 'आम्ही काय करतो' हे वकील सांगू शकतो, 'आम्ही किती चांगलं करतो' हे मात्र सांगू शकत नाही. ते आपणच शोधायचं.

त्यासाठी यादीतल्या शब्दांचा गोव्यातला अर्थ ठाऊक हवा. इथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कौटुंबिक बाबतीत अजून पाया धरून आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, प्रत्येकाची अर्धी. वारशाने आलेलीही त्यातच. समजा, जोडप्याची मालमत्ता शंभर रुपयांची आहे. नवरा गेला तर त्यातले पन्नास मुळातच बायकोचे. उरलेल्या पन्नासांपैकी पंचवीस मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्राने हवं त्याला देता येतात ते फक्त उरलेले पंचवीस. पुण्या-मुंबईच्या चुलतभावाने सांगितलेला हिंदू वारसा कायदा इथे जसाच्या तसा चालत नाही. उलट इथला कायदा मात्र बाहेर जातो. गोवेकराची मालमत्ता मुंबईत असली तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या गोवेकर वाचकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

'इन्व्हेंटरी' म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या सगळ्या मालमत्तेची यादी दिवाणी न्यायालयापुढे मांडून वारसांत वाटणी करून घेणं. एखादं घर कापून वाटता येत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली चढी, त्याने घर घ्यायचं आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. हे सगळं आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याखाली चालतं.

'कूळ-मुंडकार' हे निराळंच विश्व. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला तिथून काढता येत नाही, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मुंडकाराचे अर्ज मामलेदाराकडे जातात. कोर्टात वर्षानुवर्षं उभा राहिलेला वकील मामलेदार कचेरीत सरावलेला असेलच असं नाही.

आणि 'जमिनीचे दस्तऐवज तपासणे' हे साधं दिसणारं काम. एक-चौदाचा उतारा कुणीही ऑनलाइन काढतो, पण त्याच्या मागची पोर्तुगीज काळातली नोंद वाचायला ती भाषा आणि ते हस्ताक्षर दोन्ही यावं लागतं. खोट्या कागदांवर जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. असे कागद वाचू शकणारं माणूस ऑफिसात आहे का, हे जमीन घेण्याआधी विचारावं.

आता 'नाव'. आमच्याकडे पहिल्यांदा एका मोठ्या नावाच्या वकिलांकडे जायचं ठरलं. त्यांचा कोर्टातला दरारा सगळ्या तालुक्याला माहीत. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बहीण पुण्यात आहे ना? तिची हक्कसोडपत्रावर सही घ्या, विषय संपला."

माझी आत्या. लग्न गोव्यातच नोंदलेलं, आज वय एकाहत्तर. तिला वाटा नकोच होता कदाचित. पण तो तिचा होता, आणि तिच्यासोबत तिच्या यजमानांचाही, म्हणजे सही दोघांची लागणार होती. मुख्य म्हणजे तिला कुणी काही समजावून सांगणार नव्हतं. बाबा घरी येऊन म्हणाले, "ताईला अंधारात ठेवून मला घर नको." काका गप्प बसले. त्यांना काम लवकर उरकायला हवं होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, त्यांच्या मुलीची फी भरायची होती.

त्या संध्याकाळी मला समजलं की वकिलाचं नाव कशासाठी झालं आहे, हेही विचारावं लागतं. भांडून जिंकण्यासाठी झालेलं नाव वाटणीच्या कामाला उपयोगी पडेलच असं नाही. वाटणीनंतरही त्याच लोकांना चवथीला एका पंगतीत बसायचं असतं.

मग आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर वकिलाच्या नावावरून खटले शोधता येतात. कुठल्या कोर्टात, कुठल्या प्रकारचे, किती निकाली लागले, प्रत्येक तारखेला काय झालं, सगळं दिसतं. याद्यांत इन्व्हेंटरी लिहिलेल्या काही वकिलांच्या नावावर प्रत्यक्षात इन्व्हेंटरीची प्रकरणं जेमतेम होती. एका साध्या पाटीच्या बाईंच्या नावावर मात्र भरपूर, आणि त्यांतली बरीच आपसांत समझोत्याने संपलेली. अर्थात ही माहिती जपून वापरावी. तारखा लांबण्याला न्यायाधीशांची बदली, समोरचा पक्ष, गैरहजर वारस अशी शंभर कारणं असतात. आकड्यांवरून वकिलाला गुण देऊ नयेत, फक्त त्याचं रोजचं काम कोणतं ते ओळखावं.

इंटरनेटवरच्या ताऱ्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ॲपचं रेटिंग बघून ॲप काढून टाकता येतं, वकील मधेच बदलणं तेवढं सोपं नसतं. शिवाय वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. गैरवर्तनाची तक्रार करायची ती राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे.

त्या बाईंकडे पहिल्या भेटीत आम्ही चार गोष्टी विचारल्या. तुम्हीही विचारा.

एक, प्रकरण तुम्ही स्वतः पाहणार की ज्युनिअर? ज्युनिअर असायला हरकत नाही, नाव माहीत हवं.

दोन, फी कशी? टप्प्याटप्प्याने असेल तर लेखी घ्या. 'जिंकलं तर इतके टक्के' असा करार वकिलाला करता येत नाही. कुणी म्हटलं तर तिथूनच उठा.

तीन, आमच्यापैकी नेमके कुणाचे वकील? बाईंनी सरळ सांगितलं, "मी तुमच्या बाबांची. भावा-बहिणींत वाद झाला तर त्यांना वेगळा वकील लागेल. ताईंना आधी हे सांगा, मग सही घेऊ."

चार, कागद परत कसे मिळतील? फी थकली म्हणून वकील अशिलाचे कागद अडवून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलं आहे. तरी मूळ कागद देण्याआधी सगळ्यांचं स्कॅन करा आणि पोच घ्या.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई कितीही कमावती असो, १९८७ च्या कायद्याने तिला मोफत वकील मिळू शकतो. हे आपल्या घरातल्या मावश्या-आत्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

आमचं प्रकरण अजून चालू आहे. आत्या आणि तिचे यजमान एकदा स्वतः येऊन बाईंशी तासभर बोलून गेले. वाटा घ्यायचा की सोडायचा, ते तिने अजून ठरवलेलं नाही. बाबांनीही विचारलेलं नाही.

येत्या चवथीला तुमच्याकडेही सगळे जमतील. आरती-जेवणं झाली की घराचा एक-चौदाचा उतारा काढा, त्यावर कुणाचं नाव आहे ते सगळ्यांनी मिळून वाचा. वकील त्यानंतर शोधा.