गवंड्याला लायसन नको, ज्याचा हात त्याची सही पाहिजे

परवा गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. एकाच्या बाथरूमचं काम घेतलेला मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच. फोन बंद. मग प्रत्येकानं आपापलं दुखणं बाहेर काढलं. कुणाची फरशी बसली, कुणाच्या भिंतीला वर्षात भेग पडली, कुणाचा नळ भिंतीच्या आतच गळतोय. शेवटी एकानं निकाल लावला, "या सगळ्या गवंडी, प्लंबर, सुतारांना सरकारनं लायसन सक्तीचं केलं पाहिजे. लायसन नाही तर काम नाही." खाली पंचवीस-तीस अंगठे.

मी अंगठा दिला नाही. तिथं उत्तरही दिलं नाही, कारण ग्रुपवर चार ओळींच्या पुढं कुणी वाचत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. जेऊरकरांनो, पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमचा स्लॅब गळायला लागला. वीस वर्षांचा स्लॅब, गळणारच. मी पत्रकार माणूस, कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणून मुद्दाम कागदवाला माणूस शोधला. कार्डावर छापलेलं, 'शासनमान्य नोंदणीकृत ठेकेदार'. मी नोंदणीचा कागद मागितला, त्यानं लॅमिनेशन केलेला काढून दाखवला. कागद खरा होता, उगीच खोटं कशाला बोलू? ७० हजारांत ठरलं, ४० हजार ॲडव्हान्स दिला. दोन दिवस दोन पोरं आली. स्लॅब झाडला, पांढरं केमिकल दोन हात मारलं आणि "मजूर गावाला गेलेत, सोमवारी येतो" म्हणून ठेकेदार गेला. तो सोमवार अजून यायचाय. पहिल्या मोठ्या पावसात आधी एका कोपऱ्यात गळायचं ते तीन ठिकाणी गळायला लागलं.

मग तो कागद नीट वाचला. ती नोंदणी होती सरकारी कामांची टेंडरं भरण्यासाठी. रस्ता, गटार, शाळेची खोली, असल्या कामांना पात्र ठरण्यासाठी. माझा स्लॅब गळू नये याच्याशी त्या कागदाचा काडीचा संबंध नव्हता. मी शिक्का बघून माणूस निवडला होता, आणि शिक्का वेगळ्याच कामाचा होता.

शेवटी आमच्या गल्लीतल्या गवंडी मामांना बोलावलं. वय अठ्ठावन्न. त्यांनी आल्या आल्या खोलीतलं छत बघितलंच नाही. वर गेले, चार बादल्या पाणी स्लॅबवर ओतायला लावलं आणि पाणी कुठं थांबतंय ते बघत निवांत बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, "पत्रकार, केमिकलला नावं ठिवू नका. तुमची पन्हाळ वर हाय आन स्लॅब खाली हाय. पानी जाणार कुठं?"

वीस वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मामांनी जुना पापुद्रा खरवडून काढला, भेगा मोकळ्या करून भरल्या, विटांचे तुकडे बसवून पन्हाळीकडं उतार दिला, वरून कोबा केला, कठड्याच्या कडेला सिमेंटची गोलाई दिली. मग चार दिवस स्लॅबवर पाणी बांधून ठेवलं. माल मी आणायचा, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला. सगळं मिळून ३२ हजार लागले. यंदा खोलीत थेंब नाही.

या मामांकडं एकही कागद नाही. उद्या लायसन सक्तीचं झालं, तर माझ्या स्लॅबला हात लावायचा अधिकार त्या कार्डवाल्याला राहील आणि मामा गुन्हेगार ठरतील. ग्रुपवरच्या अंगठ्यांचा अर्थ हा आहे.

"मग मामांनी काढावं की लायसन, कुणी अडवलंय?" असं तुम्ही म्हणाल. कागद काढणं काय असतं ते त्यांच्याबरोबर फिरून बघितलंय, म्हणून सांगतो.

१९९६ साली केंद्रानं बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्या पैशातून कामगारांचं भलं करायचं, अशी ती सोय. आपल्या राज्याचं कल्याणकारी मंडळ २०११ पासून आहे. हेतू चांगला आहे, त्यावर माझी टीका नाही. पण नोंदणीची अट बघा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. मोठ्या साइटवर एकाच ठेकेदाराकडं राबणाऱ्याला हा दाखला मिळतो. दुरुस्तीच्या गवंड्याचं काय? आज इकडं दोन दिवस गिलावा, उद्या तिकडं चार दिवस फरशी, परवा कुणाच्या तरी मोरीचा तुंबलेला पाइप. वर्षात तीस मालक. मामा वर्षाला अडीचशे दिवस काम करतात, पण त्यातले ९० दिवस कागदावर दाखवता येत नाहीत. एका कार्यालयात म्हणाले ठेकेदाराची सही आणा. दुसरीकडं म्हणाले ग्रामसेवकाची आणा. तिथं उत्तर मिळालं, "तुम्ही कुणाकडं काम केलं हे मला काय माहीत?" तेही खोटं नाही. चार खेपा झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली आणि मामांनी फाइल खुंटीला टांगली.

आणि दुसरीकडं? भांड्यांचा संच वाटप झालं तेव्हा रांगेत कोण कोण होतं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ज्यांनी जन्मात थापी धरली नाही त्यांच्याकडं ९० दिवसांचा दाखला होता. कसा मिळाला, किती दिले, हे मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझा मुद्दा एवढाच की जिथं कागद मिळवणं हेच काम होतं, तिथं कागद मिळवण्यात हुशार असलेला माणूस जिंकतो. भिंत ओळंब्यात उभी करणारा हरतो. गवंडीकामाला लायसन आलं की हीच रांग तिकडं लागणार, एजंटही तेच असणार.

आता कुणी म्हणेल, हा पत्रकार कायदाच नको म्हणतोय. तसं नाही. विजेच्या कामाला लायसन पाहिजेच, आणि ते आजचं नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासूनची गोष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंग लायसनवाल्या ठेकेदारानं, जाणकार सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमननं करायचं. योग्यच आहे. गवंड्याची चूक डोळ्यांना दिसते, गळते, तडकते. विजेची चूक भिंतीत लपून बसते आणि एक दिवस माणूस घेते.

पण प्रत्यक्षात काय चालतं? नवीन मीटर घेताना लायसनवाल्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. तुमच्या घराचा रिपोर्ट कुणी केला, आठवतंय? तो माणूस घरात आला होता? बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे. काहीशे रुपये दिले, सही-शिक्क्याचा कागद मिळाला.

माझ्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षांपूर्वी एक माउली कपडे वाळत घालताना तारेला चिकटली. पत्र्यातून करंट उतरला होता. पोरानं धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून ती आज आहे. नंतर मी त्या घराची फाइल बघितली. टेस्ट रिपोर्टवर लिहिलेलं, अर्थिंग ठीक. आणि घराला अर्थिंगच नव्हतं. खड्डा नाही, तार नाही, काही नाही. सही करणाऱ्यानं ते घर कधी पाहिलंच नव्हतं.

वायरिंग केलेला पोरगा आयटीआय शिकलेला, हुशार. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं अर्थिंग करा. मालक म्हणाले खर्च वाढतोय, नंतर बघू. सही माझी नव्हतीच, मग मी कशाला वाद घालू?"

मंडळी, हे वाक्य दोनदा वाचा. सगळी गोम त्यात आहे. ज्याला काम येतं त्याची सही चालत नाही आणि ज्याची सही चालते तो कामावर येत नाही. त्या पोराला स्वतःच्या नावानं सही करावी लागली असती, तर त्यानं अर्थिंगशिवाय कागद दिलाच नसता. म्हणजे लायसन होतं, नियम होता, शिक्का होता, फक्त जबाबदार माणूस नव्हता.

परदेशाचे दाखले आपल्याकडं लगेच देतात, म्हणून तेही बघू. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला खरोखर लायसन लागतं. आधी ५०० डॉलरपासूनच्या कामाला लागायचं, २०२५ पासून ती मर्यादा हजार डॉलरवर नेली, म्हणजे छोट्या कामांना त्यांनीही मोकळीक दिली. लायसनसाठी चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५ हजार डॉलरचा बाँड. ठेकेदारानं फसवलं तर त्या बाँडमधून घरमालकाला भरपाई मागता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲडव्हान्स कामाच्या १० टक्के किंवा हजार डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच. त्यापेक्षा जास्त घ्यायला कायद्यानंच बंदी. एवढं करूनही बिनलायसनवाल्यांना पकडायला तिथं सापळे लावावे लागतात.

यातलं आपण काय घ्यायचं? परीक्षा आणि शिक्का घेतला तर आणखी एक दुकान उघडेल. ॲडव्हान्सची मर्यादा घेतली तर माझे ४० हजार वाचले असते. आणि त्यासाठी कुठल्या कार्यालयात जायची गरज नाही, आपण उद्यापासून पाळू शकतो.

म्हणून माझं म्हणणं असं.

एक. कोणतंही काम देताना एका पानावर लिहा. काय करायचं, माल कुणाचा, मजुरी किती, पैसे कधी. दोघांच्या सह्या. ॲडव्हान्स दहा टक्क्यांच्या वर नाही, बाकी काम होईल तसे टप्प्याटप्प्यानं. पैसे शक्यतो मोबाइलवरून द्या, म्हणजे नोंद राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली कसूर धरली जाते, घरबांधणीचं तर नावच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. सोलापूर आपल्याला शंभर किलोमीटरच्या वर पडतं हे खरं, पण तक्रार ऑनलाइन करता येते. फक्त हातात कागद पाहिजे. माझ्याकडं नव्हता. पत्रकार असून नव्हता, लिहायला लाज वाटते.

दोन. ग्रामपंचायतीनं एक साधी वही ठेवावी. गावात काम करणारे गवंडी, प्लंबर, सुतार, वायरमन यांची नावं, फोन, कोणती कामं केली, आणि मालकाची तक्रार असेल तर तीही. फी नाही, परीक्षा नाही, सक्ती नाही. ज्याला नाव घालायचं त्यानं घालावं. त्याच वहीवर मालकांनी दिवस लिहून सही करावी. मग ९० दिवसांच्या दाखल्यासाठी मामांना कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही आणि "मला काय माहीत" म्हणायची सोयही ग्रामसेवकाला राहणार नाही.

तीन. विजेच्या बाबतीत उलट, अजून कडक व्हा. टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्यानं त्या घरात उभं राहून अर्थिंगच्या खड्ड्याजवळ फोटो काढावा आणि तो रिपोर्टला जोडावा. त्याचबरोबर आयटीआय झालेल्या पोरांना परमिट कसं मिळतं हे सांगणारं, अर्ज तिथंच भरून घेणारं शिबिर करमाळ्यात वर्षातून दोनदा लावा. पोरं परमिट चुकवत नाहीत, त्यांना रस्ताच माहीत नाही.

चार. गवंड्याला कागद द्यायचाच असेल तर मान देणारा द्या. पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली. त्यात गवंडी, सुतार धरून १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, ओळखपत्र, हत्यारांसाठी १५ हजार. नाव नोंदवलं तर फायदा, नाही नोंदवलं तर कामावर बंदी नाही. कागद असा असावा.

आता शेवटचं, आणि हे थोडं लागेल.

काम ठरवताना तीन गवंडी बोलावून सगळ्यात स्वस्त कोण ते बघणारे आपणच. दिवसाच्या मजुरीत पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारे आपणच. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया घ्यायला सांगितला तर "कशाला एवढा खोल" म्हणणारे आपणच. अर्थिंगला पैसे नाहीत, पण पीओपीच्या छताला आहेत, तेही आपणच. आणि मग भेग पडली की लायसन पाहिजे म्हणून अंगठा देणारेही आपणच.

मामांना मी विचारलं, "उद्या लायसन सक्तीचं केलं तर काय कराल?" थापी धुता धुता म्हणाले, "काय करायचं? लायसनवाल्याच्या हाताखाली बिगारी जाईन. काम मीच करणार, सही त्याची, पैसं त्याचं."

ग्रुपवर अंगठा दिलेल्या माझ्या मित्रांनो, हेच पाहिजे का तुम्हाला? पाहिजे असेल तर खाली लिहा. आणि आज घरी गेल्यावर मीटरच्या फाइलमधला टेस्ट रिपोर्ट काढा, सही कुणाची आहे ते बघा, आणि मग अर्थिंगचा खड्डा शोधा. सापडला तर मला फोटो पाठवा. नाही सापडला तर आधी वायरमनला फोन करा.